तारणातला ण

नायगाव,
२ जानेवारी २०२५

प्रिय मुज्तबा,

सलाम. हे अक्षर कुणाचं ते तुला ओळखू येणार नाही, कारण माझं मलाही येत नाही. वर्गातली पोरं म्हणतात, गुरुजी फळ्यावर लिहीत नाहीत, मुंग्या सोडतात. मी आनंदराज. उदगीरच्या स्टेशनमागच्या गल्लीतला, साहेबरावांचा. बारावीला तुझ्या पुढच्या बाकावर बसायचो तो.

आता मी नायगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. डिसेंबरात प्रशिक्षणासाठी दहा दिवस लातूरला होतो. परत आलो तर आमच्या प्रार्थनागृहाची रस्त्याकडची भिंत नाताळासाठी रंगवून झालेली. निळ्या रंगात पुरुषभर उंचीचा एकच शब्द, ‘तारण’. खाली लहान अक्षरात उपासनेची वेळ. सगळे म्हणत होते काय सुबक काम केलंय, आणि मी रस्त्यातच सायकल धरून उभा. त्या ‘ण’च्या शेवटच्या दांडीला खाली छोटंसं शेपूट आहे, डावीकडे वळलेलं. तसा ण सगळ्या जगात एकच माणूस काढतो.

पेंटर लोक खाली कोपऱ्यात आपलं नाव टाकतात, तिथं मी वाकून बघितलं. तिथं नुसता चुना होता. मग आमच्या पाळकसाहेबांना, सुदर्शनसरांना, विचारलं. ते मूळचे उदगीरचेच. म्हणाले, ‘मुज्तबा पेंटर. लई गुणी माणूस.’ पत्ता त्यांनीच दिला. फोन नंबरही दिला होता, पण फोनवर माझं तोंड उघडलं नसतं.

तुला सांगायचं म्हणजे, २०११ साली प्रियदर्शनी, माझी बायको, फार आजारी होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. तेव्हा मी या मंडळीत प्रार्थनेला जाऊ लागलो आणि तिथलाच झालो. तो भिंतीवरचा शब्द माझ्या आयुष्यात खरा झालाय असं मी मानतो. आपली शिक्षा प्रभूनं आपल्या जागी आधीच भोगली, आपण विश्वास ठेवून ती सुटका फुकट घ्यायची, असा त्याचा अर्थ.

लहानपणी आपल्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनानं विसरून जा, एवढंच लिहायचं होतं. घरी सगळ्यांना सलाम.

तुझा,
आनंदराज

———

उदगीर,
९ जानेवारी २०२५

आनंद्या,

पत्र मिळालं. ‘कमीजास्त’ शब्द बरा शोधलास. भाजीत मीठ कमीजास्त होतं. माझं जे झालं ते मीठ नव्हतं.

तुला आठवत नसेल असं मी समजत नाही, तरी लिहितो. मार्च नव्व्याण्णव, इतिहासाचा पेपर. तुला सनावळी पाठ होईना, रडकुंडीला आला होतास, म्हणून आदल्या संध्याकाळी मी तुला बोटाएवढ्या कागदावर मोहरीएवढ्या अक्षरात चिठ्ठी लिहून दिली. वर मथळा टाकला होता ‘कारणे’. मला स्वतःला तिची गरज नव्हती. भरारी पथक आलं, चिठ्ठी तुझ्या आणि माझ्या बाकाच्या मधे सापडली. पुढचं तू लिही. तुझ्या तोंडची वाक्यं आहेत, मी कशाला वापरू?

माझा निकाल गेला, वर दोन परीक्षांची बंदी. अब्बांनी सिद्रामप्पा पेंटरच्या हाताखाली घातलं. तिथून भिंतीच रंगवतोय. फ्लेक्स आल्यापासून धंदा बसला, पण देवाची भिंत आणि पतसंस्थेची भिंत लोक अजून हातानं रंगवून घेतात. तुमच्या पाळकांनी ‘तारण’ लिहायला सांगितलं तेव्हा मला वाटलं, इथं सोनेतारणाची शाखा निघतेय. मी विचारलंसुद्धा, व्याजदर कुठं टाकू? ते पोट धरून हसले. मग शिडीखाली उभं राहून त्यांनी मला त्या शब्दाचा दुसरा अर्थ समजावला. माणूस चांगला आहे.

आणि अर्थ नीट कळावा म्हणून त्यांनी मला एक खरी गोष्ट सांगितली. आमच्या मंडळीत एक आनंदराज गुरुजी आहेत, दर वर्षी उठून साक्ष देतात. की मी पापी होतो, बारावीला कॉपी केली, वाईट संगतीत होतो, सैतान एका मित्राच्या रूपात माझ्याकडं आला आणि त्यानं मला चिठ्ठी दिली. इथं मंडळी हसतात म्हणे. मग प्रभूनं मला धुतलं.

मी तेव्हा तुझ्या त्या ‘ण’वर होतो. ब्रश हातात, वर चढलेला. सैतान मीच का रे?

काम अर्धं सोडायची माझी रीत नाही, शेपटीपर्यंत पुरं केलं. फक्त खाली नाव टाकलं नाही. ज्या भिंतीच्या आत माझं नाव न घेता मला सैतान करतात, तिच्यावर मी नाव कशाला टाकू?

आणि एक विचारायचं राहिलं. आमच्यात सांगतात, अल्लाह स्वतःचा हक्क माफ करतो, पण बंद्याचा, म्हणजे माणसाचा, हक्क त्या बंद्यानंच माफ करायचा असतो. तुझं माझ्याकडचं माफ झालं म्हणतोस. मला कुणी विचारलं नाही.

मुज्तबा

———

नायगाव,
१५ जानेवारी २०२५

प्रिय मुज्तबा,

तुझं पत्र शाळेत आलं. मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढचे दोन तास पोरांना नुसते पाढे म्हणायला लावून खिडकीकडं तोंड करून बसलो.

माझ्या तोंडची वाक्यं मी लिहितो. पथकातल्या साहेबांनी विचारलं, ‘कुणाची हाय ही?’ मी म्हणालो, ‘माझी न्हाई सर.’ इथंच थांबलो असतो तर तुझ्यावर आली नसती, त्यांनी दोघांना दम दिला असता नि गेले असते. पण मी पुढं म्हणालो, ‘अक्षर बघा सर. मुज्तबाचं हाय.’ मग जबाबावर सही केली. तू माझ्याकडं बघत होतास आणि मी सहीकडं. अर्धी चिठ्ठी माझ्या पेपरात उतरवून झालेली होती. त्या पेपरात मी काठावर पास झालो.

साक्षीतल्या सैतानाबद्दल काय लिहू? पहिल्या वर्षी मी नुसतं ‘एका मित्रानं’ म्हणालो होतो. पुढच्या वर्षी ‘वाईट संगत’ आली. सैतान केव्हा आला ते मला सांगता येत नाही. लोक हसले, मला बरं वाटलं, तो तिथंच राहिला. आमच्यात साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत खरंखरं सांगणं. मी पथकासमोर खोटी साक्ष दिली आणि मग चौदा वर्षं प्रभूच्या घरात तीच साक्ष सजवून देत आलो. खोटं बोलू नये हे बाबांनी मला पंचशीलात शिकवलं होतं, नंतर इथंही शिकवलं. दोन्हीकडं मी एकाच माणसाबद्दल खोटं बोललो.

पण मुज्तबा, रविवारपासून एक विचार डोक्यातून जात नाही. मी लोकांना सांगत फिरतो, निर्दोष माणसानं अपराध्याची शिक्षा आपल्या अंगावर घेतली आणि तोंडातून शब्द काढला नाही. तूही शब्द काढला नाहीस. ‘आनंदराजसाठी लिहिली’ एवढं तू म्हणाला असतास तर मी गेलो असतो. तू माझ्या जागी उभा राहिलास. जे मी भिंतीवर वाचतो ते माझ्या मागच्याच बाकावर बसलं होतं आणि मला दिसलं नाही. तुझ्या त्या मौनापुढं मी आज गुडघे टेकतो.

या महिन्यात मी मंडळीत उठून सगळं सांगेन. माफ कर असं लिहायची मला लाज वाटते, तरी लिहितो. माफ कर.

आनंदराज

———

उदगीर,
२२ जानेवारी २०२५

आनंद्या,

गुडघे टेकू नको, ऊठ. मला तुझा येशू करू नको. एकदा सैतान केलंस, आता एकदम देवाच्या जागी बसवतोस. मधे एक मुज्तबा नावाचा माणूस आहे, तो तुला कधी दिसणार?

मी गप्प बसलो ते काही तुझ्यासाठी जीव देत होतो म्हणून नाही. मी घाबरलो होतो. आणि दुसरं खरं सांगू? मी वाट बघत होतो. मला वाटलं, आत्ता हा बोलेल. मग वाटलं, सही करायच्या आधी बोलेल. मग वाटलं, घरी जाऊन साहेबरावकाकांना घेऊन येईल. महिनाभर मी संध्याकाळी दाराच्या पायरीवर बसायचो. तू पलीकडच्या रस्त्यानं जायला लागला होतास. तू मला अपराधी केलंस त्याचं कमी वाटलं. चिठ्ठी लिहून दिली हा माझा गुन्हा होताच. पण तू परत आला नाहीस.

आता कामाचं. माझी मुलगी कशिश यंदा बारावीला आहे. ११ फेब्रुवारीला तिची परीक्षा सुरू होते. गेल्या आठवड्यात तिच्या दप्तरात मला चिठ्ठ्या सापडल्या. अक्षर माझ्यासारखंच आहे तिचं, बारीक, वळणदार. मी ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, ‘अब्बा, तुम्ही केली तेव्हा?’

तिला नातेवाइकांनी सांगितलंय. सगळ्या मोहल्ल्याला तेवढंच माहीत आहे, की मुज्तबा कॉपी करताना पकडला गेला. मी तिला म्हणालो, मी केली नव्हती. ती हसली. म्हणाली, ‘पकडलेले सगळे हेच म्हणतात.’ जाहिदा, माझी बायको, तिथं होती. तिनं पदर तोंडाला लावला. तिलाही आतापर्यंत खात्री नव्हती हे मला त्या दिवशी कळलं.

माफीचं नंतर बघू. तुला खरंच काही करायचं असेल तर परीक्षेच्या आधी ये आणि माझ्या पोरीसमोर बोल. माझं नाव घेऊन, तुझं नाव घेऊन. तुझ्या मंडळीत बोलशील तेव्हाही नाव घे. दुसरं काही मागत नाही.

मुज्तबा

———

नायगाव,
३० जानेवारी २०२५

प्रिय मुज्तबा,

२६ तारखेला, रविवारी, शाळेतलं झेंडावंदन उरकून उपासनेला गेलो आणि उभा राहिलो. सैतान काढून टाकला. म्हणालो, चूक माझी होती, एका मित्राला माझ्यामुळं त्रास झाला. नाव ओठावर आलं होतं. पण पुढच्या रांगेत माझ्या शाळेच्या दोन पोरांचे आईबाप बसले होते. या वर्षी मंडळीच्या पंचांमध्ये माझं नाव सुचवलंय, तेही आठवलं. तरी पहिल्यापेक्षा पुष्कळ बोललो असं मला वाटतं.

उदगीरला येण्याचं मात्र जमेलसं दिसत नाही. शाळेची तपासणी आहे, प्रियदर्शनीला नांदेडला दाखवायचंय. शिवाय, हसू नकोस, यंदा माझी नेमणूक बारावीच्या बैठ्या पथकात झालीय. कॉपी पकडायला. आत्ता हे उदगीरला बोललो आणि ते इकडं पोचलं तर मी त्या केंद्रावर कोणत्या तोंडानं बसू? परीक्षा संपली की नक्की येतो. तोपर्यंत कशिशसाठी वेगळी चिठ्ठी सोबत ठेवली आहे, ती तिला दे. त्यात मी सगळं थोडक्यात लिहिलंय.

राग धरू नकोस.

आनंदराज

———

पोस्टकार्ड
उदगीर, ४ फेब्रुवारी

आनंदराज गुरुजी,
कशिशसाठीची चिठ्ठी परत पाठवतो आहे, वेगळ्या पाकिटातून. पोरीला चिठ्ठ्यांपासून सोडवायचं होतं, तू आणखी एक दिलीस.
तेव्हाच्या चिठ्ठीवर मी ‘कारणे’ असा मथळा लिहिला होता. तुझ्या या पत्रावर तोच चालेल.
मुद्दाम कार्ड टाकलं. पोस्टमनलाही वाचता येईल.
आता लिहू नको.
मुज्तबा

———

नायगाव,
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय मुज्तबा,

लिहू नको म्हणालास तरी लिहितोय, कारण मी तुझ्या घरी गेलो तेव्हा तू जळकोटला कामावर होतास. जे झालं ते तुला माझ्याकडूनही कळायला हवं.

पोस्टमननं कार्ड खरंच वाचलं होतं. हातात देताना म्हणाला, ‘गुरुजी, अक्षर काय सुंदर हाय हो.’ मी ते कार्ड घेऊन सरळ पाळकसाहेबांकडं गेलो आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं, नावासकट. भिंत रंगवताना आपण तुलाच ती गोष्ट सांगितली हे त्यांच्या ध्यानात आलं, तेव्हा त्यांचे डोळे भरले. मला वाटलं होतं, तुमचं तारण झालंय, गुरुजी, आता जुनं उकरू नका, असं काहीतरी म्हणतील. मला तेच ऐकायचं होतं. ते म्हणाले, ‘तुमचं तारण झालंय ना? देव तुम्हाला टाकणार न्हाई याची खात्री हाय ना? मग माणसांना एवढं का भिऊन राहिलात?’ सुटका मिळाली म्हणत मी इतकी वर्षं तिच्या आड लपलो होतो. फुकट मिळाली म्हणून तिची किंमत दुसऱ्याला मोजायला लावली.

शनिवारी सकाळच्या गाडीनं उदगीरला आलो. दार जाहिदाभाभींनी उघडलं. मी नाव सांगितल्यावर त्या बाजूला झाल्या नाहीत. मी उंबऱ्याबाहेरूनच बोललो. कशिश आतून आली, हातात पुस्तक. मी म्हणालो, ‘बेटा, मी आनंदराज. नव्व्याण्णव साली ती कॉपी माझी होती. मुज्तबानं केली नव्हती. मी पथकासमोर खोटं बोललो, त्याचं अक्षर दाखवून त्याला अडकवलं आणि खाली सही केली.’ शेजारच्या घरातून दोन माणसं बाहेर आली होती. त्यांच्यासमोर पुन्हा म्हणालो.

कशिश रडली नाही, रागावली नाही. एवढंच म्हणाली, ‘मग तुम्ही मास्तर कसे झाले?’

खरं उत्तर एकच होतं. मी म्हणालो, ‘तुझ्या अब्बांच्या अक्षरावर.’

तिनं दार लावलं. भाभींनी मग खिडकीतून पाण्याचा तांब्या दिला. तो मी प्यायलो, तिथंच बसून. मुज्तबा, मी तुझ्या पायरीवर बसलो होतो. ती तीच पायरी का?

रविवारी मंडळीत उभा राहिलो. म्हणालो, माझ्या साक्षीत ज्या मित्राला मी सैतान म्हणत आलो, त्याचं नाव मुज्तबा पेंटर, उदगीर. बाहेरची भिंत त्यानं रंगवलीय. सैतान त्या दिवशी पुढच्या बाकावर बसला होता. कुणी हालेलूया म्हणालं नाही. एक म्हातारीबाई तेवढी उठून माझ्या शेजारी येऊन बसली. पंचांच्या यादीतून माझं नाव मी काढून घेतलं. काल गटशिक्षणाधिकारी साहेबांना भेटून सांगितलं, मला पथकात घालू नका. कारण विचारलं, मी खरं ते सांगितलं. ते चष्मा काढून माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, ‘गुरुजी, चहा घ्या.’ माझ्या जागी दुसरे गुरुजी गेले. शाळेत आता सगळ्यांना माहीत आहे. माझ्या वर्गातल्या एकानं विचारलं, गुरुजी, खरंच? मी हो म्हणालो. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी जेवण गेलं, झोप लागली. सव्वीस वर्षांत लागली नव्हती अशी.

माफी मागत नाही. ती द्यायची की नाही ते तुझ्याकडं आहे, हे मला उशिरा कळलं. देवाकडची मला मिळालीय म्हणूनच तुझ्याकडच्या माफीसाठी मी थांबू शकतो. घाई नाही.

आज कशिशचा पहिला पेपर. सकाळी प्रार्थना केली.

आनंदराज

———

उदगीर,
१९ मार्च २०२५

आनंदराज काका,

पाकिटावरचं अक्षर बघून अब्बांचं पत्र समजला असाल तर तसं नाही. मी कशिश. सगळे फसतात.

परीक्षा काल संपली. तुम्ही गेल्यावर मी चिठ्ठ्या चुलीत घातल्या. तुमच्यासाठी नाही, आणि अब्बांसाठीपण नाही. मी त्यांना ‘पकडलेले सगळे हेच म्हणतात’ असं म्हणाले होते, ते मला सारखं ऐकू येत होतं. अब्बा जळकोटहून आले तेव्हा त्यांना काय म्हणावं ते सुचेना, म्हणून मी त्यांचे रंगाचे ब्रश रॉकेलमधे धुऊन ठेवले. त्यांना कळलं. अम्मी मात्र दिवसभर शेजारणींना बोलावून तुम्ही काय म्हणालात ते सांगत होती. तुमचा आवाजपण काढून दाखवते. लई हुबेहूब काढते.

इतिहासाचा पेपर अवघड गेला. दोन-तीन सनावळ्या चुकल्या असतील. पण त्या माझ्या मीच चुकवल्यात.

तुमचं शेवटचं पत्र अब्बांनी पुष्कळदा वाचलं. मी विचारलं, माफ केलं का? ते म्हणाले, ‘लिहायला बसलो होतो. ते एक अक्षर हातातून उतरंना.’ आमच्या अब्बांच्या हातातून न उतरणारं अक्षर मी आजवर बघितलं नव्हतं. मग म्हणाले, पायरी तीच आहे, एवढं त्याला लिही.

म्हणून हे पत्र मी लिहितेय. अब्बांना तुमच्या भिंतीवर खाली कोपऱ्यात नाव टाकायचंय. ‘पेंटर मुज्तबा, उदगीर’ एवढंच. शिवाय त्या ‘ण’ची शेपटी जरा जाड झालीय म्हणतात, तेव्हा रागानं ब्रश दाबला गेला होता, ती सुधारायचीय. आत्ता रोजे चालू आहेत. रोजा धरून शिडीवर चढायचं नाही असं अम्मीनं बजावलंय, म्हणून ईदनंतरच्या रविवारी, ६ एप्रिलला, आम्ही येतो. तुमची उपासना संपल्यावर. शीरखुर्मा अम्मी डब्यात देणार आहे. पाळकसाहेबांना सांगा.

शिडी तुम्ही धरायची, असं अब्बांनी निक्षून सांगितलंय. पण त्यांना तुमचा अजून पुरता भरवसा नाही. म्हणून दुसऱ्या बाजूनं मी धरणार आहे.

कशिश